पेटीखालचं हिरवं गवत

"डोकं खाली घे, लांबून भोपळा ठेवल्यासारखं दिसतंय," भिंगरी कुजबुजली.

"पण कुणी येईलच कशावरून?" मामेभावाने विचारलं. दर वाक्याला शंका काढायचा म्हणून घरात त्याला शंकासुरच म्हणत.

सुट्टीत आजोळी आलेली भिंगरी आणि तो, भर दुपारी हवामान केंद्राच्या अंगणात पाण्याच्या टाकीआड दबा धरून बसले होते. समोर झरोक्यांची पांढरी पेटी होती. तिच्यातल्या तापमापकाचा आकडा आजोबा रोज दोन वाजता वहीत लिहीत. एकतीस वर्षं, एकही खाडा नाही. आणि यंदा वरच्या कार्यालयाचं म्हणणं असं, की तुमचे आकडे शेजारच्या केंद्रांपेक्षा दोन अंश कमी येतात, म्हणजे तुम्ही घरी बसून लिहिता. आज साहेब त्यांना कामावरून काढायलाच आले होते. आजोबांनी सकाळपासून अन्नाला हात लावला नव्हता.

अंगण सगळं करपलेलं, फक्त पेटीखालचं गवत हिरवंगार. ते कालच भिंगरीच्या नजरेत भरलं होतं.

बारा वाजता माळीमामा आले. इकडेतिकडे बघत त्यांनी ओलंचिंब गोणपाट पेटीवर पसरलं; पाणी खालच्या गवतावर ठिबकू लागलं.

"कुंपणानंच शेत खाल्लं की," शंकासुर म्हणाला.

पण साहेब गार खोलीतून बाहेर पडतील तर ना! शंकासुर धावत सुटला. "साहेब, तुमच्या गाडीवर फांदी पडली!"

साहेब पळत आले. गाडी ठणठणीत होती. गारव्यासाठी इंजिन सुरू ठेवून ड्रायव्हर आत घोरत होता. शेजारीच पेटीपाशी माळीमामा मात्र गोणपाटासकट सापडले.

"या उन्हाळ्यापासून रोज घालतो, पावणेदोनला काढून ठेवतो," ते भिंगरीला म्हणाले. "तुझे आजोबा पेटीला हात लावू देत नाहीत. पण दिवसभर उन्हात उभी असते बिचारी. आपल्याला सावली, मग तिला नको?"

त्यांच्यावर रागवायचं कसं, हे कुणालाच कळेना.

दोन वाजता आजोबांनी पेटी उघडली. सत्तेचाळीस अंश. त्यांनी जुन्या वह्या दोनदा चाळल्या. एकतीस वर्षांत एवढा आकडा नव्हता.

"चूक आमचीच," साहेब म्हणाले. "शाब्बास पोरांनो, आजोबांचं नाव राखलंत." ते मघापासून सुरूच असलेल्या गाडीत बसून निघून गेले.

सत्तेचाळीसचा आकडा बघून भिंगरीला रडू फुटलं. शोधलंच नसतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"एवढं का तापतंय? तेल, कोळसा आपण जाळतो," आजोबा म्हणाले. "त्याचा कार्बन डायऑक्साइड हवेत साठतो आणि गोधडीसारखी ऊब धरून ठेवतो. पांघरली आपण, घुसमटतात पाखरंसुद्धा. त्यांनी काय केलं होतं?"

"मग काढू या ना ती गोधडी," शंकासुर म्हणाला. या वेळी त्याने शंका काढली नाही.

आजोबांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांनी आकडा लिहिला आणि खाली सही केली.

"म्हणजे हिला आता असंच तापू द्यायचं?" माळीमामांनी पेटीकडे बघत विचारलं. ओलं गोणपाट हातात घेऊन ते अंगणात उभे होते. ते आता कुठं पसरावं, म्हणून त्यांनी करपलेल्या अंगणाभर नजर फिरवली.