पायरीवरचा प्रेक्षक

मार्गशीर्षातल्या एका रविवारी राधाकृष्ण गुरुजी आणि पुंजाराम राहुरीहून एस.टी.ने नगरला निघाले. बहात्तर साल होतं. दोन्ही अंगांना रानं उघडी पडलेली, दुष्काळी कामावरच्या बाया डोक्यावर पदर ओढून खडी फोडत बसलेल्या. अशा साली नाटक कसलं बघता, असं कुणीही विचारलं असतं. पण नगरच्या त्या नाट्यसंस्थेचा उत्सव त्यांनी सहा वर्षांत एकदाही चुकवला नव्हता. जी संगीत नाटकं आता कुठेच लागत नाहीत, ज्यांची पदं म्हणणारी माणसंही संपत आली, ती ही मंडळी वर्षातून तीन दिवस उभी करत. यंदा लांबच्या लोकांना वेळेत घरी पोचता यावं म्हणून प्रयोग दुपारचे ठेवले होते.

आधी ते तिघं जात. तिसरा कानिफनाथ. बाजारपेठेत शिवणाचं मशीन चालवायचा. पोरवयात तो एका फिरत्या नाटक कंपनीत होता, 'संगीत रत्नमेखला'मध्ये सखीचं काम करायचा. ते नाटक उत्सवात कधी लागतंय याची त्याने पाच वर्षं वाट पाहिली. गेल्या साली लागलं.

पदं सुरू झाली आणि कानिफनाथ गायला लागला. मोठ्याने नाही, पण त्याला आवरत नव्हतं. पुढच्या रांगेत शिक्षण खात्याचे साहेब बसले होते. त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. पुंजाराम तेवढ्यात पाणी प्यायला उठला होता. गुरुजी कानिफनाथच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "गप्प बसवत नसेल, तर बाहेर जाऊन बस."

तो उठून गेला. नाटक संपेपर्यंत, रात्री दोनपर्यंत, नाट्यगृहाच्या दगडी पायरीवर बसून राहिला. थंडी हाडं फोडणारी होती. आठव्या दिवशी न्यूमोनियाने गेला. "आत कोंदट वाटलं म्हणून तो आपणहून बाहेर गेला," असं गुरुजींनी पुंजारामला सांगितलं, आणि पुंजारामने ते मानलं. ते खोटं वर्षभर गुरुजींच्या मनात कुसळासारखं सलत राहिलं होतं.

यंदा दुपारच्या प्रयोगासाठी नाट्यगृहाच्या खिडक्यांना काळे पडदे लावले होते. भर दुपारी आत अमावास्येचा अंधार. जुन्या शालूंमधल्या डांबरगोळ्यांचा वास सगळीकडे पसरलेला. दुसरा अंक संपला, मिणमिणते दिवे लागले. ऑर्गनवाला एकच सूर धरून बसला होता आणि पुंजाराम शाल पांघरून, डोळे मिटून तो ऐकत होता. एवढ्यात दारावरचा माणूस वाकत वाकत त्यांच्या रांगेशी आला.

"राधाकृष्ण गुरुजी तुमीच का?"

"हो."

"भाईर पायरीवर एक गृहस्थ बसल्यात. गुरुजींना इचारून या म्हनले... आता आत येऊ का?"

"कोण आहेत?" गुरुजींनी विचारलं.

"नाव न्हाई सांगितलं. म्हनले, गप बसंन... आवाज करनार न्हाई."

गुरुजींना एक शब्द बोलायचा होता. 'येऊ दे' एवढाच. तो ओठांपर्यंत आलाही. पण त्यांनी स्वतःलाच बोलताना ऐकलं, "आमचं कुणी नाही बाहेर."

दारावरचा माणूस मान हलवून गेला. दिवे मालवले. तिसऱ्या अंकाचा पडदा सरकला, आणि गुरुजींना बसवेना. दुसऱ्यांदा घालवलं आपण त्याला. यावेळी तर साहेबही नव्हते समोर. ते उठले, अंधारात खुर्च्या चाचपत दाराशी आले आणि बाहेर पडले.

बाहेर पांढरं ऊन. डोळे दिपले. पायरी रिकामी होती.

"कुठे गेले ते?"

"तुमचा निरोप सांगितला तसे उठले," दारावरचा माणूस म्हणाला. "मंग मी न्हाई बघितलं."

गुरुजी पायरीवर बसले. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून हलकेच म्हणाले, "कानिफ... ये रे. आत ये. हवं तेवढं गा." समोरच्या रस्त्याने एक रिकामी बैलगाडी गेली. बंद दारामागून पदांचे सूर येत राहिले. आत जायचा आपल्याला हक्क नाही असं त्यांना वाटलं. सबंध तिसरा अंक ते तसेच उन्हात बसून राहिले. लोक बाहेर पडू लागले तेव्हा उठले. गर्दीतून पुंजाराम आला. त्याचे डोळे लाल झाले होते.

परतीची गाडी विळद घाटाला लागली तोवर दिवस मावळला होता. गाडीत चार-सहाच माणसं. गुरुजींनी पुंजारामकडे न बघता बोलायला सुरुवात केली. साहेबांचं वळून बघणं, आपलं ते वाक्य, नंतरचं खोटं, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "मी घालवलं त्याला, पुंजाराम."

पुंजाराम खिडकीकडून त्यांच्याकडे वळला.

"किती येळा सांगाल, गुरुजी? मगाशीच तर सांगितलंत."

"कधी?"

"तिसऱ्या अंकात. माझ्या कानाशी लागून. सायेब वळला, तुमी काय बोललात... समदं. मला रडू आलं, तवा तुमीच माझा हात धरलात."

"मी तर सगळा अंक बाहेर पायरीवर होतो..."

"लई गार हुता हात तुमचा. थंडी वाजती म्हनलात, म्हनून म्या माझी शाल घातली अंगावर." पुंजारामने गुरुजींच्या खांद्यांकडे पाहिलं, मग त्यांच्या रिकाम्या मांडीकडे. "कुठं ठिवली ती?"