नऊ नंबरच्या थोरल्या बाई

बसा रे पोरांनो, चिकट भाताची टोपली इकडे सरकवा. उद्या पहिल्यांदा शरीरशास्त्राच्या हॉलमध्ये जाणार ना? तिथे कुणी मढं म्हणालं तर कान उपटीन! आमच्या खोन केनच्या मेडिकल कॉलेजला देह देणाऱ्याला थोरले गुरुजी म्हणतात, बाई असल्या तर थोरल्या बाई.

ही आपल्या डॉक्टर पिमची गोष्ट. शिकताना तिला नऊ नंबरच्या टेबलावर एक शाळामास्तरीण मिळाल्या होत्या. हृदयातून निघणारी मोठी धमनी सगळ्यांची डावीकडे वळते, या बाईंची जन्मतःच उजवीकडे. परीक्षेत पिमने डावीकडे सांगितलं. सर गेल्यावर फरशी पुसता पुसता मी म्हणालो, "अगं बये, समोर उभी राहून स्वतःचा डावा काय सांगतेस? बाईंचा सांग!" पोरगी टेबलाला धरून रडली. हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो.

वर्षाअखेर बाईंना अग्नी दिला. मी स्वतः राख पाहिलीय.

त्याला आठ वर्षं झाली. गेल्या जूनमध्ये, गुरुपूजेच्या गुरुवारी, संध्याकाळी सव्वासातला पिम मोगऱ्याचा हार घेऊन आली.

"काका, किल्ली द्या. उद्या पहिलंच मोठं ऑपरेशन आहे. बाईंच्या टेबलाला नमस्कार करते."

साडेतीन वर्षांची मुलगी. तिला त्या धमनीच्या दोन कमानी, श्वासनळीला कडं आवळलेलं. जेवताना निळी पडायची बिचारी. बारीक कमान कापायची होती. चुकून जाड कापली की पोरगी हातची गेली. पिमने चित्र काढून आणलं होतं, त्यात डावी बारीक.

ती आत गेली. नऊ नंबरवर पांढरी चादर होती. चादरीखाली कुणीतरी...

तिने हात जोडले. चित्र उशाशी ठेवलं.

"बाई, उद्या डावी कापते."



मग चादर हलली. थोडीशीच.

"कुणाची डावी?"

पिम धावत बाहेर आली. "काका, नऊ नंबरवर कोण आहे?" मी म्हटलं, "नऊ नंबर? अगं, यंदा तो रिकामा आहे..."

दोघं आत गेलो. नुसतं लोखंडी टेबल. चादर नाही. हार आणि कागद तेवढा होता. कागद न बघताच खिशात कोंबून ती तडक इस्पितळात गेली आणि मुलीच्या छातीचे सगळे स्कॅन पुन्हा उघडून बसली. तीच जुनी चूक! बारीक कमान मुलीच्या उजवीकडे होती.

मुलगी वाचली. आता दोन वाट्या भात खाते.

तो कागद पिमने नंतर मला दाखवला. डावं-उजवं लाल खडूने खोडून नीट केलेलं. आमच्या हॉलमध्ये फळाच नाही रे, खडू कुठला? आणि खाली, शाळेतल्या गोल अक्षरात, दोनच शब्द.

'रडू नकोस.'