चॉकलेट कुठे गेलं?

"मावशी, पुन्हा परत आला!" भाचीने ग्लास टेबलावर जवळजवळ आदळलाच. "आजचा चौथा."

काळीभोर बिअर, फक्त दोन घोट कमी झालेली. मावशीने नाक लावलं. काही नाही. चव घेतली. नुसती कडवट, पाणचट. भाजलेल्या कोकोच्या बिया तीन आठवडे मुरवून केलेल्या बिअरमध्ये चॉकलेटचा मागमूस नव्हता.

मावशीची एकतीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत भेसळ पकडण्यात गेली होती. दुधातलं पाणी, तिखटातली विटेची पूड, काही सुटलं नव्हतं तिच्या हातून. आणि इथे, सख्ख्या बहिणीच्या लेकीच्या बिअरच्या दुकानात, सलग तिसऱ्या शनिवारी ती हात चोळत बसली होती. कोको तपासला, पाणी तपासलं, नळ्या उकळून घेतल्या. सगळं चोख.

"पाचला हॉटेलवाले चाखायला येणार," भाची म्हणाली. "आवडली तर त्यांच्या सहाही हॉटेलांत माझी बिअर. नाही आवडली तर बाबा म्हणतात तसं. चॉकलेट बंद, नेहमीची पिवळी चालू."

घड्याळात तीन वाजले होते.

मावशी आतल्या खोलीत गेली. बिअरचं पिंप ठेवलेलं थंड कपाट उघडलं. तापमापक बारा अंश दाखवत होता, भाचीच्या नियमाप्रमाणे. या बिअरला त्याहून जास्त गारवा सोसत नाही, असं ती येईल-जाईल त्याला सांगे. पिंपातूनच थोडी काढून मावशीने चाखली. तोंडभर चॉकलेट! म्हणजे पिंप ते टेबल, या वीस पावलांत चोरी होत होती.

तिने जावयाला, भाचीच्या नवऱ्याला, गाठलं.

"पिंप कोण बदलतं?"

"मी."

"कधी?"

"शनिवारी सकाळी."

"आणि तक्रारी फक्त शनिवारीच येतात. तुम्हाला ही बिअर आवडत नाही ना?"

"मला पिवळी आवडते. म्हणून काय बायकोच्या पोटावर पाय देईन?" जावयाचे कान लाल झाले. "सकाळचं पिंप तुम्ही आत्ताच चाखलंत. बिघडलंय का?"

बिघडलं नव्हतं. मावशीने जीभ चावली. इतक्या वर्षांत एवढा ढोबळ संशय तिने घेतला नव्हता. स्वतःचाच राग आला.

"इतर दिवशी ओततं कोण?"

"मीच. शनिवारी गर्दी असते, म्हणून मी पिवळी बघतो आणि बाबा चॉकलेटचा नळ सांभाळतात. चाळीस वर्षांचा हात आहे, मावशी. थेंब सांडत नाहीत."

ते खरंच होतं. याच सागवानी काउंटरमागे खांद्यावर पंचा टाकलेले भावजी, भाचीचे बाबा, मावशीला लख्ख आठवत होते. शेजारी उंच स्टुलावर ताई, गिऱ्हाइकांची थट्टा करत. दारावर ताईने स्वतः रंगवलेली पाटी अजून होती: 'दात शिवशिवतील अशी गार बिअर'. ताई गेल्यावरही भावजींनी ती उतरवू दिली नव्हती.

मावशी टेबलांमधून फिरली. खिडकीशी शिंपीणबाई एकट्याच निवांत बसल्या होत्या.

"तुमची तक्रार नाही वाटतं?"

"सुरुवातीला होती. पण मी पडले सावकाश पिणारी. तळाचे चार घोट मात्र झकास लागले बघा!"

त्यांनी ग्लास उचलला. टेबलावर पाण्याचं ओलं वर्तुळ उमटलं होतं. मावशी त्याच्याकडे बघतच राहिली.

मग ती काउंटरकडे वळली. चॉकलेट बिअरच्या ग्लासांची फळी जवळजवळ रिकामी होती. मागे राहिलेल्या दोन ग्लासांवर धूळ. भावजी डोक्यावर पंखा गरगरत असताना चहाचा कप दोन्ही तळव्यांत घट्ट धरून उभे होते.

"हात गारठलेत वाटतं, भावजी?"

"म्हातारपण, मेहुणीबाई. तुम्हालाही येईल."

"मला आलंय. पण माझी बोटं लाल नाही होत."

भाची आणि जावई जवळ आले. मावशी मागच्या खोलीतल्या बर्फाच्या पेटीपाशी गेली आणि झाकण उघडलं. आईस्क्रीमच्या डब्यांशेजारी ओळीने ग्लास मांडले होते. पांढरेधोप, गोठलेले.

"बाबा!" भाचीचा आवाज चिरकला.

"बिअरला कोणी हात लावला नाही," मावशी म्हणाली. "म्हणूनच मी तीन शनिवार डोकं फोडत बसले. मी बिअर तपासत होते, ग्लास नाही. बारा अंशांची बिअर गोठलेल्या ग्लासात पडली की वास मरतो आणि चव दबते. बारा अंशांच्या ग्लासाला एवढा घाम फुटत नाही, पण टेबलावर वर्तुळ होतं. शिंपीणबाईंचा ग्लास तळाशी येईतो कोमट झाला, तेव्हा चॉकलेट परत आलं. फळी रिकामी आणि उरलेले दोन ग्लास धूळ खात होते, म्हणजे वापरातले दुसरीकडून येत होते. आणि तिकडून ते सारखे काढणाऱ्याची बोटं लाल होणारच."

भावजींनी कप खाली ठेवला.

"माझ्या काउंटरवरून कोमट बिअर? लोक पोरीला हसले असते. मी तिची लाज राखत होतो."

"आणि पहिला ग्लास परत आला तेव्हा?"

"वाटलं, बिअरच वाईट असेल."

"वाटलं, की तसं वाटून घ्यायचं होतं?"

भावजी दारावरच्या पाटीकडे एकदा बघून म्हणाले, "ही बिअर चालली असती तर ती पाटी उतरली असती."

"पाटी आईची आहे, बाबा. ती कोण उतरवतंय? पिवळी आहेच की गार!" भाचीचे डोळे भरले होते, पण आवाजातला राग गेला नव्हता. तिने फळीवरचा धुळकट ग्लास विसळला, नळाखाली धरला आणि वडिलांच्या हातात दिला. "तुम्ही एकदा तरी अशी प्यायलात?"

भावजींनी घोट घेतला. थांबले. दुसरा घेतला.

"अगं, यात चॉकलेट आहे!"

"तीन महिने तेच सांगतेय."

पाच वाजता हॉटेलवाले एकटेच आले. सवयीने भावजींचा पाय मागच्या खोलीकडे वळला. मग ते परत फिरले, उरलेला ग्लास फळीवरून काढून नीट विसळला आणि बिअर ओतून स्वतः नेऊन दिला.

हॉटेलवाले प्यायले. पुन्हा प्यायले. त्यांनी ग्लास उचलून धरला तेव्हा बाकी सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मावशी तेवढी टेबलाकडे बघत होती.

टेबल कोरडं ठाक होतं.

"आणखी एक द्या," हॉटेलवाले म्हणाले. "आणि सहा हॉटेलांसाठी लागेल, तेव्हा ओतायचं कसं ते आमच्या माणसांना कोण शिकवणार?"

भाचीने वडिलांकडे बोट दाखवलं.