ठळक अक्षरांतली मंजियाखाला

"कुणी कापलं हे नाव?"

दारातूनच तो ओरडला. ओला कोट, विस्कटलेले केस... आणि नजर अशी, की मी त्याच्या घरात चोरीच केलीय!

ट्युनिसच्या आमच्या नाट्यगृहात तालीम थांबली. रंगमंचामागच्या मोठ्या पडद्यावर ठळक सोनेरी अक्षरांत 'मंजिया झुगला' एवढंच उमटलं होतं. अरबी लिपी उजवीकडून डावीकडे जाते, म्हणून शेवटचं 'मी' डाव्या कडेला गडप. उभा जन्म इथले पोशाख शिवणाऱ्या मंजियाखालाचा, आम्हा सगळ्यांच्या मावशीचा, संध्याकाळी सत्कार होता.

"पडद्यावर नाव दाखवणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम माझा आहे," मी म्हणाले. "तुम्ही कोण?"

"नासिम. या फॉन्टची अक्षरं मी काढलीत. आणि खालानं मला वाढवलंय."

"अच्छा! म्हणजे ही फुगलेली अक्षरं तुमची."

"फुगलेली? बाई, आधी मोजायला शिका!"

माझे कान तापले. तो न विचारताच शेजारी बसला, माझ्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅमच्या ओळी वाचू लागला... आणि हसला. तेच जास्त झोंबलं.

"रुंदी मोजलीत साध्या अक्षरांची, आणि रंगवलंत ठळक अक्षरांत. बनियनवर माप घेऊन कोट शिवलात!"

बरोबर होतं. म्हणूनच मला त्याचा गळा धरावासा वाटला.

तेवढ्यात व्यवस्थापक मुरादसाहेब आले. "भांडता कशाला? आडनाव काढून टाका. म्हातारीला काय कळतंय?"

आम्ही दोघंही एकदमच उठलो.

"तुमचं आडनाव काढू का आधी?" मी कडाडले.

"युस्र, उद्यापासून येऊ नकोस!" मुरादसाहेब गरजले.

"नाही येणार. पण आज तिचं नाव पुरं दिसेल."

नासिम त्यांच्या वाटेत आडवा उभा राहिला. मी आधी ठळक अक्षरं लावली, मग अख्खं नाव एकसंध मोजलं, आणि चौकट तेवढी रुंद केली.

संध्याकाळी मंजियाखाला पडद्याकडे बघत ओठांतल्या ओठांत आपलं नाव वाचत राहिली. झुगलामीपर्यंत... मग ओढणीआडून नव्हे, उघडउघड रडली.

मी बाहेर पायऱ्यांवर आले. नोकरी गेली होती. समुद्रावरचा वारा बोचत होता.

"युस्र..." मागून नासिम.

"जा! सगळ्यांसमोर मला 'मोजायला शिका' म्हणालात."

"चुकलं. सगळ्यांसमोर माफी मागू? आत्ता?" तो खरंच वळला.

"थांबा! वेडे आहात का?"

"असेन. पण खालासाठी इतकं चिडलेलं मी कुणालाच पाहिलं नव्हतं. दुपारपासून... तुझ्याशिवाय काही सुचत नाहीये."

'तू' म्हणाला होता तो मला. मी खडसावणार होते—

"माझा राग अजून गेलेला नाही," मी म्हटलं.

"राहू दे. मी थांबतो."

"थांब मग," मी म्हणाले, आणि पायरीवर सरकून त्याला जागा दिली.