मुली, घोडे आणि कानसेन

पहिल्याच भेटीत तिने त्याची कॉलर धरली.

दुसरा इलाजच नव्हता. तबेल्याच्या अंगणात ती ढगोबा नावाच्या घोड्याचा पुढचा पाय गुडघ्यांत धरून कानशीने खूर घासत होती. आणि हा गृहस्थ, कानांवर हेडफोन, हातात केसाळ मायक्रोफोन, डोळे अर्धवट मिटलेले... सावकाश, अगदी सावकाश घोड्याच्या मागच्या बाजूला सरकत होता. "मागे व्हा," ती म्हणाली. त्याने डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवून तिलाच गप्प बसायची खूण केली. तिने खूर खाली सोडला, दोन ढांगांत त्याला गाठलं आणि कॉलर धरून बाजूला ओढलं. त्याच क्षणी ढगोबाचा मागचा पाय झपकन हवेतून गेला, आत्ताच जिथे या गृहस्थाचा गुडघा होता तिथून.

"घोड्याच्या मागून कुणी येतं का?" तिने विचारलं.

"शेपटीचा आवाज हवा होता."

"मिळाला?"

"मिळाला," तो म्हणाला. चेहरा पांढराफटक पडला होता, पण डोळे हसत होते. "तुमचाही मिळाला."

तिने कॉलर सोडली. जरा उशिराच सोडली, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

तो रेडिओवरचा होता. मुलांसाठीचा कार्यक्रम करायचा. ऐकणाऱ्यांपैकी एका चौथीतल्या मुलीने त्याला पत्र लिहिलं होतं की आमच्या वर्गात मुलींना घोडे एवढे आवडतात, मग मुलांना तेवढे का आवडत नाहीत, याचं उत्तर आमच्या बाईंना येत नाही, तुम्ही शोधून सांगा. म्हणून तो शोधायला आला होता. आला होता तो योग्य ठिकाणी. या घोडेस्वारीच्या शाळेत चौतीस विद्यार्थी होते आणि त्यातल्या एकोणतीस मुली.

आणि ती इथली नालबंद होती. घोड्यांचे खूर कापणं, घासणं, त्यांना नाल ठोकणं, हे तिच्या बाबांचं काम आता तिच्याकडे आलं होतं. खरं तर ते यायचं होतं तिच्या दादाकडे. पण तापलेला नाल खुरावर टेकला की जो धूर उठतो त्याच्या वासानेच दादाला भोवळ यायची. शेवटी तो बँकेत लागला आणि सुखी झाला. बाबांची पाठ धरली तेव्हा हातोडी उचलायला घरात उरली ती एकटी. बाबांनी शिकवलं, पण कौतुकाचा शब्द कधी काढला नाही. 'हे पोरांचं काम' हे वाक्य मात्र ते दमा असलेल्या माणसाला खोकला यावा तसं अधूनमधून म्हणत. त्यात राग नसे, सवय असे.

त्या दिवशी तो मुलींना एकेक करून गवताच्या भाऱ्यावर बसवून प्रश्न विचारत होता, आणि ती दूरवरून, कामात असल्याचं दाखवत, सगळं ऐकत होती. दात नव्याने येत असलेली एक म्हणाली की घोड्याचे केस विंचरता येतात आणि तो 'आई गं' करत नाही. दुसरी म्हणाली, घरात माझं कुणी ऐकत नाही, हा एवढा मोठा असून ऐकतो. चौदा वर्षांची एक उंच मुलगी म्हणाली की घोडा तिला कधी 'जरा हस बघू' असं सांगत नाही. पाच मुलांपैकी एकाने माइकच्या अगदी जवळ येऊन सांगितलं की त्यालाही घोडे फार आवडतात, फक्त हे शाळेतल्या मित्रांना कळू देऊ नका.

मग तो तिच्याकडे आला. तिने सांगितलं की आपल्याला काम आहे.

"वाट बघतो," तो म्हणाला.

"संध्याकाळ होईल."

"मग संध्याकाळचे आवाज मिळतील."

त्या दिवशी तिने उत्तर दिलं नाही. तो पुढच्या शनिवारी पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. मुलींनी त्याला तोवर 'कानसेन' असं नाव ठेवून टाकलं होतं, कारण बादलीत पाणी ओतताना, घोडा दाणे चावताना, अगदी खरारा करतानाही तो कान लावून उभा राहायचा. नुसतं उभं राहणारा माणूस तिला सहन होत नसे, म्हणून तिने त्याच्या हातात ढगोबाची दोरी दिली. दोरी घट्ट आवळू नका, पण सैलही सोडू नका. त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नका. श्वास घ्या, तुम्ही श्वास रोखलात की तोही रोखतो. कानसेन निमूटपणे सगळं करायचा. ढगोबा, राखाडी रंगाचा आणि ढगासारख्याच पोटाचा, पहिल्या आठवड्यात त्याच्याकडे पाठ फिरवून उभा राहिला. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून डुलक्या घेऊ लागला. तेव्हा त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते पाहून तिची हातोडी क्षणभर वरच राहिली...

एका शनिवारी पाऊस आला. पत्र्यावर असा ताशा वाजू लागला की रेकॉर्डिंग अशक्य झालं. त्याने यंत्र बंद केलं, हेडफोन काढले, आणि त्या दोघांना पहिल्यांदाच एकमेकांशी कारणाशिवाय बोलावं लागलं. पावसामुळे जवळ सरकूनच बोलावं लागत होतं. ती दादाबद्दल बोलली, बाबांबद्दल बोलली. हे ती सहसा कुणाला सांगत नसे. त्याने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. पाऊस थांबला तरी दोघं काही वेळ तेवढ्याच अंतरावर राहिली, आणि मग दोघांनाही एकदमच काहीतरी काम आठवलं.

त्यानंतर ढगोबा लंगडायला लागला.

फार नाही. चालताना कळायचंही नाही. दुडक्या चालीने पळताना मात्र मान खालीवर व्हायची आणि पाहणारा प्रत्येक जण सांगायचा की पुढचा डावा पाय दुखतोय. डॉक्टरांनी तो पाय वरपासून खालपर्यंत चाचपला, काही सापडलं नाही, विश्रांती द्या म्हणाले. तिने त्या पायाचा नाल काढून पाहिला, पुन्हा ठोकला. दहा दिवस झाले, फरक शून्य. तबेल्याच्या मालकीणबाई तशा प्रेमळ होत्या. पण ढगोबा म्हणजे लहान मुलींना ज्याच्यावर बसवायची भीती वाटत नाही असा एकुलता एक घोडा. त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की आठवडाभरात सुधारणा नसेल तर शहरातून दुसरा नालबंद बोलवावा लागेल, तू वाईट वाटून घेऊ नकोस. ती म्हणाली, नाही घेणार. घरी जाऊन तिने बाबांना सांगितलं. बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी 'हे पोरांचं काम' म्हटलं असतं तर परवडलं असतं.

शनिवारी ती मालकीणबाईंना दाखवण्यासाठी ढगोबाला अंगणात पळवत होती आणि कानसेन कुंपणापाशी माइक धरून उभा होता. ती थांबल्यावर तो थोडा घुटमळला. मग म्हणाला, "पुढच्या पायात नाहीये ते. मागच्या पायात आहे."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. "पाच-सहा आठवड्यांत घोडा कळायला लागला वाटतं?"

"घोडा नाही कळत," तो म्हणाला. आवाज चढला नाही, पण तो मागेही हटला नाही. "ताल कळतो. ऐकून बघा. चुकत असेन तर हसा."

त्याने हेडफोन काढून तिच्या कानांवर ठेवले. त्याची बोटं तिच्या केसांना लागली आणि चटकन दूर झाली. आधी त्याने दुसऱ्या शनिवारचं रेकॉर्डिंग लावलं. ढगोबा पळत होता. टप्... टप्... टप्... प्रत्येक ठोका गोळीबंद, कारण दुडक्या चालीत एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा असे तिरपे दोन पाय एकदम जमिनीवर पडतात. मग त्याने आजचं लावलं. तिने डोळे मिटले. टप्... टटप्... टप्... टटप्... एक ठोका फुटत होता. उजव्या पुढच्या पायाबरोबर पडणारा मागचा डावा पाय, जमिनीला भीत भीत, केसभर उशिरा टेकत होता.

घोड्याच्या मानेकडे बघणाऱ्या सगळ्यांनाच पुढचा पाय दिसला होता. खाली कुणी ऐकलंच नव्हतं.

ती तडक ढगोबाकडे गेली, मागचा डावा पाय उचलला आणि हलक्या हातोडीने एकेक खिळा ठोकून पाहू लागली. पहिला. दुसरा. तिसरा. चौथ्याला ढगोबाच्या अंगातून शिरशिरी गेली. तिने तो खिळा चिमट्याने ओढून काढला. टोक ओलं होतं. खुराच्या जिवंत भागाला लागून तो बसला होता, रेघभर आत. आणि तो तिनेच मारला होता, ढगोबा लंगडायला लागायच्या चार दिवस आधी.

तिने मान वर केली. अंगणात तिसरं कुणी नव्हतं, मालकीणबाई केव्हाच आत गेल्या होत्या. खिळा खिशात टाकता आला असता. जखम धुऊन, पट्टी बांधून, विश्रांतीने बरं वाटलं असं सांगता आलं असतं. कानसेनने यंत्र बंद केलेलं तिला दिसलं. कधी केलं कोण जाणे.

"मी काही ऐकलेलं नाही," तो हळूच म्हणाला.

"ऐकलंत. आता मालकीणबाईही ऐकतील."

ती खिळा तळहातावर घेऊन गेली. चूक माझी, चार-पाच दिवसांत बरा होईल, तुम्हाला दुसरा माणूस बोलवायचा असेल तर बोलवा, एवढं तिने एका दमात सांगितलं. मालकीणबाईंनी खिळा उलटसुलट करून पाहिला. मग त्या म्हणाल्या, "तुझे बाबा इथे तीस वर्षं होते. असं सांगायला एकदाही आले नाहीत. त्यांचा एकही खिळा चुकला नसेल का गं?" आणि दुसऱ्या नालबंदाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

संध्याकाळी तिने हे बाबांनाही जसंच्या तसं सांगितलं.

"सात," बाबा म्हणाले. "माझे सात चुकले. तू पहिल्यालाच जाऊन सांगितलंस." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की सापडलं कसं. तिने सांगितलं. बाबा पाठ विसरून ताठ बसले. "पाय ऐकतो? असा माणूस मी जन्मात पाहिला नाही. जेवायला बोलव त्याला."

पुढच्या शनिवारी ढगोबा बरा झाला होता. पाठीवर एक छोटी मुलगी घेऊन तो पुन्हा गोळीबंद ठोक्यात पळत होता. ती कुंपणाला टेकली आणि तिने आपणहून कानसेनला सांगितलं की माइक काढा, आज उत्तर देते.

"मी लहान असताना," ती म्हणाली, "सगळे सांगायचे, हळू बोल, नीट बस, फार जागा अडवू नकोस. घोड्यापाशी तसं चालत नाही. तुम्ही अंग चोरून उभ्या राहिलात की तो तुम्हाला विचारत नाही. सरळ उभं राहावं लागतं, स्पष्ट बोलावं लागतं. पण दांडगाईही चालत नाही त्याच्यापुढे. मुलींना अंग चोरायला शिकवतात, मुलांना दांडगाई. घोड्यापाशी दोघांनाही शिकलेलं टाकून द्यावं लागतं. मुलींना ते टाकताना हायसं वाटतं... मुलांना कमीपणा वाटतो. म्हणून ती फुटबॉलकडे जातात. एवढंच."

त्याने बराच वेळ यंत्र बंद केलं नाही. वाऱ्याचा आवाज, टापांचा आवाज, तिच्या श्वासाचा आवाज, सगळं त्यात जात राहिलं.

"हे घाला तुमच्या कार्यक्रमात," ती म्हणाली.

"कार्यक्रम होऊन गेला." त्याचे कान लाल झाले. "तीन आठवडे झाले. सकाळी अकराला लागतो, तुम्ही कामावर असता."

ती त्याच्याकडे वळली. "मग हे आत्ता कशाला घेतलंत?"

"मला ऐकायचं होतं."

"आणि हे तीन शनिवार?"

"ते... म्हणजे ढगोबाची तब्येत... आणि आवाजांचा साठा..." तो पुटपुटला. पायाने गवत चाळवू लागला.

"सरळ उभे राहा," ती म्हणाली. "पुटपुटलेलं घोड्यालाही कळत नाही, मलाही नाही."

त्याने हेडफोन गळ्यातून काढले, कुंपणावर अडकवले आणि सरळ उभा राहिला. तिच्या डोळ्यांत पाहिलं, रोखून नाही, पण चुकवूनही नाही.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. शेपटीचा आवाज नंतर."

तिला हसू आलं. "तुम्ही आवडता? असं नोटीस वाचल्यासारखं?"

"मग?"

"तू म्हण."

त्याने म्हटलं. छोटी मुलगी एव्हाना उतरून गेली होती; ते ऐकायला अंगणात ढगोबाशिवाय कुणी नव्हतं, आणि ढगोबाचे दोन्ही कान नेमके त्यांच्याच दिशेला वळलेले होते. ती कुंपणापासून दूर झाली, पाठ ताठ केली, आणि तिच्या आवाजात जराही थरथर नव्हती.

"मलाही तू," ती म्हणाली. "आणि रात्री जेवायला ये. बाबांनी बोलावलंय."