आंधळी नळी

मोबाईल उलटा ठेव रं महारुद्र, उजेड डोळ्यावर येतोय. सांगतो ते ऐकीव न्हाय. अमरसिंह माझ्या वर्गातला. परंड्यात त्याचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. माणूस लई हुशार, पण काळजाच्या जागी दगड.

गेल्या साली खंडेनवमीच्या दुपारी तो आमच्या गल्लीत आला, मथुराबाईंचा तमंचा परत द्यायला. त्यांच्या सासरचा, निजामाच्या वेळचा. दर नवमीला त्याची पूजा व्हायची. साफ करून आणतो म्हणून यानं नेला होता. मथुराबाईंना मोतीबिंदूनं काहीच दिसत नव्हतं. यानं आणला तो नकली.

नकली, पण काय हुबेहूब! नवसागर लावून गंज चढवलेला, वेलबुट्टीत कुंकू चोळलेलं. फरक एकच. असलीची नळी पोकळ, नकलीची भरीव, तोंडाशी नुसता खळगा. अमरसिंह तिला आंधळी नळी म्हणायचा.

मथुराबाईंनी तमंचा चाचपला.

"जड झालाय का रं?"

"तेल पाजलंय, मावशी."

त्यांनी तो कपाळाला लावला. मग म्हणाल्या, "बरं. नवमीला पूजेवाचून उपाशी न्हाय राहिला म्हंजे झालं."

त्यांनी तो देवघरात ठेवला, कुंकू वाहिलं, पुढं लिंबू ठेवलं. बाहेर आल्यावर अमरसिंह माझ्या कानाला लागून हसला.

"आंधळीला आंधळी दिली!"

म्या त्याचा हात धरला. म्हणलं, असली आणून दे, न्हायतर आत्ता सांगतो त्यांना.

"सांग की. सकाळी पुण्याचं गिऱ्हाईक येतंय, मग बसा दोघं बोंबलत."

हात झटकून गेला. लई संताप आला मला, पण सणाच्या दिवशी मथुराबाईंना सांगवलं न्हाय.

रात्रीचं मला त्याच्या बायकोनं सांगितलं, दीपमालानं. जेवणं झाल्यावर यानं असली तमंचा रॉकेलनं घासला. गिऱ्हाइकाला लखलखीत पाहिजे ना! पिढ्यांचं मुरलेलं कुंकू निघालं. चिंधी लाल झाली. दीपमालानं ती धुतली. तरी लाल. पुन्हा धुतली...

तेवढ्यात लाईट गेली.

यानं बॅटरी लावली. नळीत गज घालून बघितला. रिकामी. दारू न्हाय, गोळी न्हाय. मग आत गंज किती ते बघायला नळी उजव्या डोळ्याला लावली.

"दीपा..."

"काय हो?"

"आत..."

"गंज हाय?"

"न्हाय. आतून... कुणीतरी बघतंय."

ती हसली. त्याला चेष्टेची सवय होती.

पण नळी डोळ्यापासून हलंना. यानं ओढली. तिनं ओढली. दोघांनी ओढली.

हलंना.

मग...

तिला बार ऐकूच आला न्हाय. त्याचं किंचाळणं तेवढं ऐकलं.

बार आमी ऐकला. आमच्या गल्लीत. मथुराबाईंच्या घरातून.

म्या पळत गेलो. दार उघडंच. अंधारात त्या देवघरापुढं बसलेल्या. माझी चाहूल लागली तसं विचारलं,

"कंचा डोळा गेला? उजवा?"

तवर मला कुणाचाच फोन आला नव्हता.

म्या तमंचा उचलला. नळीच्या तोंडात बोट घातलं. भरीवच होती, आंधळीच. बोट काढलं तर काळं... आणि नळी अजून गरम.