पलंगाच्या पायथ्याशी रेंज जाते

ही घडलेली गोष्ट आहे.

ज्याच्या घरात घडली, तो माणूस भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. तसा तो कुणावरच ठेवत नाही. विम्याचे दावे तपासणं हा त्याचा धंदा. जळालेलं दुकान, बुडालेला माल, मोडलेला पाय... समोरचा ढसाढसा रडत असला, तरी हा आधी पाय बघतो. ऑफिसात त्याला ‘पुरावा’ म्हणतात. आपणही तेच म्हणू.

भुतांच्या गोष्टी रात्रीच घडतात अशी एक समजूत आहे. ही रविवारी भर दुपारी घडली. जेवणं आटोपली होती, पंखे चालू होते, शेजारी कुणीतरी गाडी धूत होतं. आणि जागा म्हणाल, तर पुराव्याच्या दुमजली घरातली वरची खोली. तिथं त्याचे सासरे राहायचे.

राहायचे. आता राहत नाहीत.

सासऱ्यांना सगळे नाना म्हणतात. नाना कोर्टात बेलिफ होते. म्हणजे कोर्टाचं समन्स घेऊन लोकांच्या दारात उभं राहायचं आणि ते त्यांच्या हातात द्यायचं. उभा जन्म उभ्यानं गेला, असं ते स्वतःच सांगतात. बायको गेल्यावर मुलीकडे आले. आल्या दिवसापासून त्यांना एकच संशय, की हे लोक आपल्याला कधीतरी वृद्धाश्रमात टाकणार.

मध्यंतरी नाना वरच्या बाथरूममध्ये पडले. हाक मारली, ती खालच्या टीव्हीत विरून गेली. मुलगी चहा घेऊन वर गेली तेव्हा कळलं. हाड शाबूत राहिलं, पण सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

मग नानांच्या मनगटावर एक पट्टा आला. माणूस पडला की हा पट्टा घरातल्या सगळ्यांच्या फोनवर बोंब मारतो.

“जावईबापू, कैद्याच्या पायात बेडी घालतात,” नाना म्हणाले. “तुम्ही हातात घातलीत. प्रगती आहे.”

पण बोंब मारायला पट्ट्याला वायफाय लागतं. राउटर खाली, टीव्हीच्या कपाटात. वर नानांच्या खोलीत रेंज यायची, जायची. विशेषतः दुपारी, नाना आडवे झाले, की हटकून जायची.

“तुम्ही हात पांघरुणात घालून झोपता ना, म्हणून!” मुलगी रागवायची. “नाना, हात बाहेर. किती वेळा सांगू?”

नाना हात बाहेर काढायचे. तिची पाठ वळली की परत आत.

आधी तर त्यांना पांघरूणच लागत नसे.

पुराव्याला हे खटकलं होतं. पण त्याला रोज इतक्या गोष्टी खटकतात, की त्यात हीही गेली.

शेवटी ठरलं, की घरभर नीट जाळं करून घ्यायचं. दोन्ही मजल्यांवर छताला ॲक्सेस पॉइंट लावायचे. म्हणजे थाळीएवढे पांढरे डबे. एकाच वायरीतून त्यांना नेटही मिळतं आणि वीजही. सल्ल्यासाठी एक नेटवर्कवाला आला. त्याच्या कानात कायम काहीतरी खोचलेलं, त्यामुळे तो आपल्याशी बोलतोय की फोनवरच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाशी, हे समोरच्यालाही कळत नसे.

“टेन्शन नाही, सर. आधी नकाशा काढू. डबा कुठं लावायचा ते घरच सांगतं आपल्याला.”

हा डबा जास्तीचा गळ्यात मारणार, असं पुराव्याच्या मनात पक्कं झालं. म्हणून नकाशाचं ॲप त्याने आपल्याही फोनवर घेतलं आणि नकाशा काढताना स्वतः सोबत फिरला.

काम साधं होतं. रंगाऱ्याच्या लांब दांड्याला डबा बांधायचा आणि खोलीच्या कोपऱ्यात उंच उभा करायचा. मग फोन हातात धरून खोलीभर एकेक पाऊल टाकत फिरायचं. रेंज चांगली तिथं फोनमधल्या नकाशावर हिरवा रंग चढतो, वाईट तिथं लाल.

सगळं घर हिरवंगार निघालं. नानांची खोलीही.

फक्त एक लाल पट्टा सोडून... अंगाएवढा रुंद. पलंगाच्या पायथ्यापासून सुरू होऊन थेट उशीपर्यंत गेलेला.

“मधे कोण उभं होतं?” नेटवर्कवाल्याने विचारलं.

“कुणी नाही.”

“असणार, सर. माणूस म्हणजे पाण्याचं पिंप. सिग्नल पितं. मागे अशीच सावली पडते.”

“मी तुमच्या मागे होतो. बायको खाली आहे. नाना पलंगावर झोपलेत. उभं कोण राहणार?”

“मग कपाट असेल,” नेटवर्कवाला म्हणाला. त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला कपाट हे उत्तर होतं.

दोघांनी धापा टाकत लोखंडी कपाट जिन्यापाशी नेलं. नाना पडल्या पडल्या बघत होते. हात पांघरुणात.

परत नकाशा. परत तोच पट्टा.

मग डबा समोरच्या कोपऱ्यात नेला. पट्टा हलला... पण गेला नाही. आता तो दुसऱ्या बाजूला, बाथरूमच्या दाराकडे पडला. सुरू मात्र तिथूनच. पलंगाच्या पायथ्यापासून.

“भिंतीत पाइप असेल,” नेटवर्कवाला म्हणाला. “छताला लावल्यावर जाईल सगळं.” आणि दांडा काढून निघून गेला.

तो गेल्यावर नाना हळूच म्हणाले, “जावईबापू, तुमचा माणूस मला पसंत नाही.”

“का? काय केलं त्याने?”

“काही करत नाही. बोलत नाही, बसत नाही. नुसता उभा.”

पुरावा हसला. खाली आला. हात धुताना त्याचं हसू ओसरलं.

नेटवर्कवाला आल्यापासून एक क्षण गप्प नव्हता.

संध्याकाळी पुराव्याने दोन्ही नकाशे छापून शेजारी शेजारी ठेवले. अपघाताच्या दाव्यात तो हेच करतो. एक साक्षीदार इथून बघतो, दुसरा तिथून. दोघांच्या नजरेच्या रेघा जिथं मिळतात, तिथं गाडी असते. त्याने दोन्ही कोपऱ्यांतून रेघा ओढल्या.

मिळाल्या. पलंगाच्या पायथ्याशी, एका फरशीवर. कपाट नाही, पाइप नाही, खिडकी नाही. एक माणूस पाय जुळवून उभा राहील, एवढीच जागा.

त्याने बायकोला दाखवलं.

“म्हणजे काय?” ती म्हणाली. “नानांना वृद्धाश्रमात पाठवायला तुला कारणच हवंय. सांग ना तसं.”

“मी नानांचं नाव तरी काढलं का?”

“तुझ्या तोंडावर दिसतं.”

संसारात पुराव्याला किंमत नसते. त्याने नकाशे मिटले.

पण एक व्यवस्था मात्र त्याने विचार करून केली. वरच्या मजल्याचा डबा बाहेरच्या पॅसेजमध्ये लागायचा होता, तो त्याने नानांच्या पलंगाच्या बरोबर वर लावून घेतला. डोक्यावरून सिग्नल सरळ खाली येणार. मधे कोण उभं राहतं बघू, असा त्याचा हिशोब होता. पायथ्याशी कुणी उभं असेलच, तर खुशाल असो. सावली त्याच्यापुरती त्याच्या पायाखाली पडेल.

छताला भोक पडलं, वायर आली, डब्याचा निळा दिवा लागला. मनगटावरच्या पट्ट्याची रेंज पूर्ण. बायको खूश. नेटवर्कवाल्याने डब्याखाली उभं राहून स्वतःचा फोटो काढला.

नाना फक्त डब्याकडे बघत राहिले.

“आता तो कुठं उभा राहील?” त्यांनी विचारलं.

म्हाताऱ्या माणसांच्या निम्म्या प्रश्नांना घरात उत्तर देत नाहीत.

काही दिवस बरे गेले.

मग तो रविवार. बायको सोफ्यावर पेंगत होती. पुरावा टीव्हीवर दुसऱ्यांचे वाद ऐकत होता. आणि फोन थरथरला.

‘पट्ट्याशी संपर्क तुटला.’

पडल्याची बोंब नव्हती. नुसता संपर्क तुटला होता.

पुरावा जिना चढला. दार लोटलेलं. आत पंख्याचा आवाज यायला हवा होता...

येत नव्हता. पंखा फिरत होता. आवाज नव्हता.

शेजारच्या गाडीवरचं पाणीही थांबल्यासारखं वाटलं.

नाना उताणे पडले होते. पांघरूण हनुवटीपर्यंत. डोळे उघडे, सरळ वर. डब्याचा निळा दिवा लागलेला होता. पुराव्याला दारातून तो स्पष्ट दिसत होता. नाना मात्र दिव्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर त्याच्या बरीच अलीकडे थांबली होती. चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर.

“नाना?”

“हळू बोला,” नाना ओठ न हलवता म्हणाले. “तुमचा माणूस वाकलाय.”

पुराव्याच्या हातात फोन होता. असल्या वेळी कुणी देवाचं नाव घेतं, कुणी पळतं. याने सवयीने नकाशा काढायला घेतला. भिंतीला पाठ घासत, एकेक पाऊल टाकत तो खोलीभर फिरला. हिरवं. हिरवं. पायथ्याच्या त्या फरशीवरही हिरवं. जागा मोकळी झाली होती.

पलंगाशी येऊन त्याने फोन धरलेला हात पुढे केला...

पलंगभर लाल. लांबच्या लांब. डोक्यापासून पायापर्यंत.

पायथ्याशी उभं राहून सिग्नल अडवायची सोय आपणच काढून घेतली होती.

“नाना,” पुरावा कसाबसा म्हणाला, “तो माझा माणूस नाही.”

नानांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळलं. पुसायला हात मात्र बाहेर आला नाही.

“मला वाटलं, तुम्ही ठेवलाय. माझ्यावर नजर ठेवायला. म्हणून बोललो नाही. म्हटलं, जावयाच्या घरी राहतो, तक्रार काय करायची. पण त्याचं उभं राहणं ओळखीचं होतं हो. मी तसाच उभा राहायचो. दारात. बोलायचं नाही, बसायचं नाही, समोरच्याने पाणी विचारलं तरी घ्यायचं नाही. त्याने हात पुढे केला, की समन्स द्यायचं आणि निघायचं. हातात घेतलं, की काम संपलं.”

“आणि नाही घेतलं तर?”

“काही जण हात मागे बांधून घेत.” नाना जरासे हसले. “मला राग यायचा तेव्हा.”

पांघरुणाखाली काहीतरी हललं. नानांनी दोन्ही तळवे मांड्यांखाली आणखी आत सरकवले होते.

पुराव्याने पुढे काय केलं, ते तो नीट सांगत नाही. नानांना पांघरुणासकट उचलून खाली आणलं, एवढंच सांगतो. जिन्यात त्यांचं वजन फार लागलं, असंही एकदा म्हणाला. मग म्हणाला, “नाही, तसं काही नाही.”

पंख्याचा आवाज ते दोघं खाली पोचल्यावर आला.

वरची खोली आता बंद असते. बायकोला सांगितलंय, की जिना चढणं नानांना झेपत नाही. तिला हे पटलं, कारण हे तीच दोन वर्षं सांगत होती. नानांचा पलंग हॉलमध्ये आलाय. खालच्या डब्याची रेंज उत्तम आहे. हॉलचा नकाशा काढून देऊ का, असं नेटवर्कवाल्याने दोनदा फोन करून विचारलं. पुराव्याने त्याचा नंबर ब्लॉक केला. ज्याने जन्मभर पुरावा मागितला, त्याला आता तो कुणी आणून देऊ नये, एवढंच वाटतं.

परवा दुपारी तिघंही हॉलमध्ये होते. नाना पलंगावर उशीला टेकून टीव्ही बघत होते. बायको भाजी निवडत होती. पुराव्याच्या हातात फोन होता, आणि कोपऱ्यातल्या वायफायच्या रेघांवर त्याची नजर होती. हल्ली असतेच.

एक रेघ गेली.

मग आणखी एक.

टीव्हीतला माणूस बोलत होता, पण आवाज येत नव्हता. नानांनी मान वळवली नाही. फक्त पाय जरा जवळ घेतले, पायथ्याशी कुणाला अडचण होऊ नये तसे. आणि शांतपणे, एकामागून एक, दोन्ही हात मांड्यांखाली सारले.

“नाना!” बायको देठ खुडता खुडता वैतागून म्हणाली. “हात बाहेर काढा बघू!”

नानांनी जावयाकडे पाहिलं.

“राहू दे,” पुरावा म्हणाला. “राहू दे ते हात तसेच.”